काळी मिरची, पण मिरी नव्हे

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या इमारतीच्या गच्चीवर कुरडयांचा हंगाम असतो. पहिल्या मजल्यावरच्या आजी चिकाचं पातेलं वर पाठवतात, मागून स्वतः कठड्याला धरत धरत येतात आणि कुरडया वाळेपर्यंत कावळे हाकता हाकता माझ्या कुंड्यांची तपासणी करतात. एका वर्षी त्यांची काठी एका कुंडीपुढे थांबली. पानं जांभळट काळी, फुलं जांभळी आणि बेचक्यांतून करवंदाएवढी काळीभोर, चकचकीत फळं.

"अगं, करवंदं लावलीस का?"

"नाही आजी, मिरच्या आहेत."

"मिरच्या कसल्या? नासल्यात त्या. उपटून टाक, नाहीतर बाकीच्यांना लागेल."

मी एक तोडून चिरून दाखवली. आत पांढरा गाभा आणि मिरचीच्या नेहमीच्या चपट्या बिया. आजींनी फोड नाकाशी नेली, दोनदा शिंकल्या आणि निकाल दिला, "म्हणजे काळी मिरीच की."

"मिरी नाही आजी, मिरची."

"तेच ते!"

हे "तेच ते" आजींच्या आधी कोलंबसानं म्हणून ठेवलं आहे. १४९२ साली तो निघाला होता मिऱ्याच्या शोधात, हाती लागली मिरची, आणि ती खाऊन तोंड भाजल्यावर त्यानं तिला मिऱ्याचंच नाव देऊन टाकलं. इंग्रजीत आजही दोन्हींना एकच शब्द आहे. आपणही फार वेगळं केलेलं नाही. 'मरिच' म्हणजे मिरी, त्यावरून मिरी, आणि मिरीवरून मिरची. कोकणीतली 'मिरसांग' तर सरळ सरळ मिरीची शेंग. मिरी हा वेल, पिंपळीचा भाऊबंद, केरळच्या घाटातला. मिरची हे झुडूप, वांगं, टोमॅटो, बटाटा आणि तंबाखू यांच्या कुटुंबातलं, अमेरिका खंडातलं. दोघींचं नातं काहीच नाही. दोघी तोंड भाजतात, एवढ्याच पुराव्यावर आपण त्यांना बहिणी ठरवलं.

मुक्ताबाईनं ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही गोष्ट लहानपणी ऐकताना मी मनातल्या मनात त्या मांड्यांबरोबर ठेचाही वाढून टाकत असे. ते शक्य नव्हतं. ज्ञानेश्वरी १२९० सालची; मिरची भारतात आली ती पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतल्याच्या आगेमागे. त्याआधी आपल्याकडचा तिखटपणा मिरी, पिंपळी, आलं, मोहरी यांच्यावर चालत असे. 'तिखट' हा शब्दच मुळात 'तीक्ष्ण'वरून आलेला. आज तो शब्द मिरचीच्या पुडीनं असा काही बळकावला आहे, की वाण्याकडे "पाव किलो तिखट द्या" म्हटलं की मिरी कुणी बांधून देत नाही. मुंबईत मिरचीला एके काळी 'गोवाई मिरची' म्हणत. ती कुठून आली हे सांगणारं ते एकमेव प्रामाणिक नाव होतं, आणि नेमकं तेच विसरलं गेलं.

शास्त्रज्ञांनी तरी नावं नीट ठेवावीत! लिनियसनं १७५३ मध्ये मिरचीच्या सगळ्यात मोठ्या जातीला 'कॅप्सिकम अ‍ॅन्युअम' म्हटलं, म्हणजे वर्षायू, एका वर्षात मरणारी. युरोपातल्या हिवाळ्यात मिरची मरते हे खरं. पण थंडीनं मरते, वयानं नाही. पुण्यात कुंडीतलं मिरचीचं झाड नीट छाटत गेलं तर तीन-चार वर्षं सहज टिकतं, आणि बुंधा अंगठ्याएवढा जाड, लाकडी होतो. याकॅन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७७६ मध्ये दुसऱ्या एका जातीला 'कॅप्सिकम चायनेन्स' म्हणजे चिनी ठरवलं. चीनशी तिचा संबंध एवढाच, की ती तिथून आली असावी असं त्याला वाटलं. तिचं खरं माहेर अ‍ॅमेझॉनचं खोरं. हबानेरो, भूत जोलोकिया, कॅरोलिना रीपर या सगळ्या जगाला घाम फोडणाऱ्या मिरच्या या 'चिनी' जातीतल्या.

माणसानं लागवडीखाली आणलेल्या मिरचीच्या जाती पाच. आपली लवंगी, ज्वाला, बेडगी, संकेश्वरी, भिवापुरी आणि हो, ढोबळीसुद्धा, सगळ्या अ‍ॅन्युअम. चायनेन्स आत्ताच सांगितली. केरळची इवलीशी कांतारी म्हणजे फ्रुटेसेन्स. चौथी बॅकेटम, बोलिव्हिया-पेरूकडची. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांवर पिवळट-हिरवे ठिपके असतात, त्यावरून ती लगेच ओळखू येते. पाचवी प्युबेसेन्स, अँडीज पर्वतातली. तिची पानं लवदार, फुलं जांभळी आणि बिया काळ्याकुट्ट. मी तिच्यासाठी दोन वर्षं खपले. तिला वर्षभर थंड, ढगाळ, डोंगरी हवा लागते. पुण्याच्या एप्रिलनं दोन्ही वर्षी तिचा निकाल लावला. महाबळेश्वरला कुणाचं घर असेल तर त्यांनी करून बघावी. पुणेकरांनी नाद सोडावा.

आता गच्चीवरच्या मंडळींकडे वळू. वेगळी मिरची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी तिखटपणा येतो. माझ्या मते मिरचीत बघण्यासारखं जे जे आहे, त्यात तिखटपणाचा नंबर शेवटचा. रंग बघा. आजींनी नासकी ठरवलेली ती काळी मिरची अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी शोभेसाठी तयार केलेली. नाव 'ब्लॅक पर्ल', आणि २००६ साली तिला तिकडचा मानाचा वाण-पुरस्कार मिळाला. जांभूळ, काळी द्राक्षं, लाल कोबी यांच्यात असतं तेच अँथोसायनिन तिच्यात ठासून भरलेलं असतं. हे रंगद्रव्य उन्हात जमतं. फळ पानाआड झाकलेलं असेल तर तेवढा भाग हिरवा राहतो, पान बाजूला केलं की चार दिवसांत काळा पडतो. पिकताना मात्र हा रंग विरतो आणि खालून लाल रंग वर येतो. मार्चमध्ये आजी पुन्हा वर आल्या तेव्हा त्याच झाडावर काळ्या, किरमिजी आणि लालभडक अशा तिन्ही तऱ्हा होत्या. "बरी झाली वाटतं," असं म्हणून त्यांनी तिचं नाव सोडलं.

चॉकलेटी हबानेरोची गंमत निराळीच. बहुतेक मिरच्या पिकताना हिरवा रंग मोडतो आणि लाल तयार होतो. हिच्यात लाल तयार होतो, पण हिरवा मोडतच नाही. हिरव्यावर लाल चढला की काय होतं, हे बालवाडीत रंगपेटी हाताळलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तिला पिकल्या जर्दाळूसारखा गोड वास येतो. त्या वासाला भुलून मी एकदा कैरीच्या चटणीत अर्धी घातली, आणि नंतर बराच वेळ कुणाशी बोलले नाही.

जांभळ्या मिरच्यांचा ठेचा करायचा मोह प्रत्येकाला होतो. तव्यावर टाकल्या की पाच मिनिटांत त्या मळकट हिरव्या होतात. उष्णतेपुढे अँथोसायनिन टिकत नाही. त्याऐवजी उभ्या चिरून मीठ आणि लिंबाच्या रसात घाला. आंबटात हे रंगद्रव्य गुलाबी होतं, आणि दुसऱ्या दिवशी बरणीतला रस रूह अफजासारखा दिसतो.

आकारांचे नमुने तर विचारूच नका. बॅकेटम जातीतली 'बिशप्स क्राउन' तीन-चार पाकळ्यांची टोपी घातल्यासारखी दिसते. तिचं झाड पुरुषभर उंच होतं, काठीचा आधार लागतो आणि फळं कडेनं गोडसर, गाभ्याशीच जरा तिखट. ब्राझीलची 'बिकिन्यो' म्हणजे चोच. थेंबाएवढी, टोकाला चोच आलेली, जवळजवळ बिनतिखट. घरातली मुलं ती कुंडीवरूनच तोडून खातात. सिक्कीम-दार्जिलिंगची 'डल्ले खुर्सानी' गोटीसारखी गोल, लालबुंद आणि भलतीच तिखट. आणि एक अशीही मिरची आहे, की हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी आकार बघून "ही कसली गं?" असं विचारलं, तर यजमानीणबाईंनी चहा टाकायला आत निघून जावं. पाश्चात्त्य बियाणेवाले ती गंमत म्हणून विकतात. मी लावलेली नाही. सोसायटीची सर्वसाधारण सभा आमच्या गच्चीवर भरते.

माझी सगळ्यात लाडकी मात्र 'फिश पेपर'. नावात मासा आहे, अंगात नाही. हिच्या पानांवर पांढरे शिंतोडे असतात, फळं पांढरट आणि त्यावर हिरव्या रेघा. पिकताना केशरी, मग लाल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक उपसागराच्या काठी राहणारे कृष्णवर्णीय लोक ती माशांच्या कालवणात घालत. पांढऱ्या रश्शाला रंग न बिघडवता तिखटपणा देणारी मिरची त्यांना हवी होती. विसाव्या शतकात ती जवळजवळ संपली. होरेस पिपिन या चित्रकाराचा हात पहिल्या महायुद्धात निकामी झाला होता, आणि मधमाश्यांचे डंख घेतले की दुखणं कमी होतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो वीव्हर नावाच्या एका मधपाळाकडे माश्या मागायला जाई आणि बदल्यात घरचं बियाणं देई. त्यात ही मिरची होती. वीव्हर वारला; बऱ्याच वर्षांनी त्याच्या नातवाला घरच्या डीप फ्रीझरमध्ये बियांची बरणी सापडली, आणि १९९५ मध्ये ती मिरची पुन्हा लोकांच्या हाती आली. म्हणजे आज माझ्या कुंडीत जे झाड आहे, ते मधमाश्यांच्या डंखांच्या मोबदल्यात वाचलेलं आहे.

असली नवलाई शोधायला अमेरिकेपर्यंत जायला हवं असं मुळीच नाही. गोव्यात काणकोण तालुक्यात खोला गावाच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी खोला मिरची आणि पेडण्यातली हरमल मिरची, दोघींनाही भौगोलिक मानांकन आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा सदाबहार' तर सरकारी वाण. तिची फळं झुपक्यांनी आणि आकाशाकडे तोंड करून लागतात. फुलदाणीत ठेवावं असं झाड, पण सरकारी नावामुळे कुणी ढुंकून बघत नाही. हीच बी एखाद्या चकचकीत पाकिटात 'ड्रॅगन्स फिंगर' म्हणून विकली, तर कोथरूडमध्ये रांग लागेल.

आकाशाकडे तोंड करून लागणं ही नुसती शोभा नाही, ती मिरचीची मूळ वृत्ती. रानटी मिरच्या सगळ्या अशाच: बारीक, उभ्या, लाल, देठापासून पटकन सुटणाऱ्या. पक्ष्यांना दिसाव्यात आणि तोडता याव्यात म्हणून. मिरचीतलं कॅप्सायसिन सस्तन प्राण्यांच्या ज्या चेताग्राहकाला झोंबतं, तो पक्ष्यांमध्ये असतो, पण कॅप्सायसिनला दाद देत नाही. उंदीर बिया दातांनी चावून मारतो, पक्षी त्या शाबूत गिळून दुसरीकडे टाकतो. तेव्हा उंदराला तिखट आणि पक्ष्याला गोड, अशी मिरचीनं व्यवस्था करून ठेवली. अमेरिकेतल्या ट्यूक्सबरी आणि नाभान यांनी रानटी मिरचीवरचा हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्योतिषाचा पोपट मिरची खातो हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत, फक्त 'का' हे विचारलं नाही. तो चेताग्राहक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मूळ काम त्याचं वेगळंच: उकळता चहा जिभेवर पडला की "भाजतंय" म्हणून मेंदूला कळवणं. मिरची त्याला फसवते. म्हणून तिखट लागतं तेव्हा आपण 'भाजलं' म्हणतो, 'आग झाली' म्हणतो. भाषेला हे नोबेलच्या कितीतरी आधी कळलं होतं.

माणसानं पुढे मोठ्या, जड, खाली लोंबणाऱ्या आणि पानाआड दडणाऱ्या मिरच्या निवडत नेल्या, म्हणजे पक्ष्यांचा वाटा कापला. शोभेच्या वाणांत आपण ती उभी मिरची परत आणतो, आणि मग गच्चीवर बुलबुल येतात. आल्यावर तक्रार करू नये. झाड त्यांच्यासाठीच सजलेलं असतं.

पुण्यात हे सगळं लावायचं कधी, हा खरा प्रश्न. पाकिटावरची सूचना विलायती हवामानाची असते; "शेवटच्या हिमतुषारानंतर" वगैरे वाचून आपण काय करणार? आपल्याकडे वैर कडक उन्हाशी आणि जुलै-ऑगस्टच्या सततच्या ढगांशी. मिरचीची फुलं दिवसा पस्तिशीच्या वर पारा गेला की गळतात, आणि रात्री पंधराच्या खाली गेला तरी फळ धरत नाही. एप्रिल-मे एका टोकाला, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दुसऱ्या. मधल्या फटीत आपलं काम उरकायचं.

शोभेच्या अ‍ॅन्युअम मिरच्यांची बी मी गणपती उठले की टाकते. आठ-दहा दिवसांत उगवते, पाच-सहा आठवड्यांनी रोप कुंडीत जातं आणि जानेवारीत फळांना रंग चढायला लागतो. चायनेन्स मंडळी आळशी. त्यांची बी उगवायला तीन-चार आठवडे घेते आणि तिला तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. ती अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला टाकली की पुण्याचा उन्हाळा फुकटात ऊब पुरवतो. रोपं पावसाळ्यात आडोशाला वाढतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात, थंडी पडायच्या आत, फळ धरतात. रोपं विकत घ्यायची तर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात रोपवाटिकांचे गाळे असतात. सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी-उरुळी कांचनकडे तर रोपवाटिकांची रांगच आहे. पण तिथे शोभेची मिरची म्हणून जे मिळतं, त्याला बहुधा नाव नसतं. "मॅडम, कलर मिरची," एवढंच.

कुंडी किमान बारा इंची, तळाला भोकं मोकळी. पुण्याची काळी माती शेतात सोनं असेल, कुंडीत ती सिमेंट होते: पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. पोयटा, कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात, वर दोन मुठी नीमपेंड. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवायची. खताचा लाड नको. नत्र जास्त झालं की झाड पानांनी फुलतं आणि मिरचीच्या नावानं शून्य. मार्चपासून हिरवी जाळी बांधायची. मे महिन्यात झाड केविलवाणं दिसायला लागलं तर वीतभर ठेवून छाटून टाका. वळवाचे दोन शिडकावे झाले की फुटतं. लिनियसला खोटं पाडायची ही सोपी रीत.

आणि मग बोकड्या. ज्यानं मिरची लावली त्याला बोकड्या भेटतोच. शेंड्याची पानं आक्रसतात, चुरमडतात, झाडाची वाढ खुंटते. शेतकरी याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. नाव एक, पण त्यामागे तिघांचं काम असतं, आणि इथेच हौशी लोक चुकतात. भिंग घ्या आणि पान उलटा. कडा वरच्या बाजूला वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या वाटीसारखं, लांब देठाचं झालं असेल तर कोळी. तो इतका बारीक, की भिंगातूनही मुश्किलीनं दिसतो. या दोघांवर इलाज चालतो. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, आठवड्याला पाच टक्के निंबोळी अर्क आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारं गंधक, पण तळपत्या उन्हात नाही, पानं करपतात. तिसरा प्रकार विषाणूचा, पांढऱ्या माशीनं आणलेला. पानं बारीक, पिवळट, गुच्छ झालेली, शिरा सुजलेल्या. त्यावर औषध नाही. आंबट ताक, हिंग, तंबाखूचं पाणी, समाजमाध्यमांवर फिरणारे सगळे काढे मी करून पाहिलेत. झाड उपटा, पिशवीत बांधा, कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. तीन महिने वाढवलेलं झाड उपटताना हात धजत नाही, आणि त्या चार दिवसांच्या मायेत शेजारच्या सहा कुंड्या जातात.

तंबाखूवरून आठवलं. तंबाखू मिरचीच्याच कुटुंबातली, आणि तिच्यातला मोझॅक विषाणू हातावरून मिरचीला लागू शकतो. माळीबुवा तळहातावर मळून, चुना लावून, मग तेच हात झाडाला लावणार असतील, तर त्यांना आधी साबण द्या. रागावू नका, कारण सांगा, ते ऐकतात.

तिखटपणाचा नंबर शेवटचा म्हटलं होतं, तो आता आला. विल्बर स्कोव्हिल या औषधनिर्मात्यानं १९१२ मध्ये एक पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागायचं थांबलं की किती पट पाणी लागलं ते मोजायचं. आज हे काम यंत्र करतं, एकक मात्र त्याच्याच नावाचं आहे. ढोबळी शून्य, हालापेन्यो अडीच ते आठ हजार, हबानेरो एक ते साडेतीन लाख. २००० साली तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनं नागा जोलोकिया ८,५५,००० असल्याचं 'करंट सायन्स'मध्ये छापलं, तेव्हा बाहेर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. मग न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या पॉल बॉसलँड यांनी त्याच कुळातली भूत जोलोकिया स्वतः लावून, मोजून १०,०१,३०४ हा आकडा दिला, आणि २००७ मध्ये गिनेसची मोहर उठली. तिच्या नावातही गोंधळ आहेच. आसामीत जोलोकिया म्हणजे मिरची. 'भूत' हे भूत की भोट, म्हणजे भूतानकडची, यावर अजून वाद चालतो. पाश्चात्त्यांनी भूतच धरलं आणि भाषांतर करून बाटल्यांवर छापलं. 'भूतानी मिरची' या नावानं एवढा धंदा झाला नसता.

पुढे एड करी या अमेरिकन शेतकऱ्यानं नागा कुळातल्या मिरचीशी कॅरिबियन हबानेरोचा संकर करून कॅरोलिना रीपर काढली. २०१३ मध्ये तिचा विक्रम नोंदला गेला, आणि २०२३ मध्ये त्याच्याच 'पेपर एक्स'नं २६,९३,००० वर नेऊन ठेवला. यापुढे ही शर्यत स्वयंपाकघराची उरली नाही.

मी भूत जोलोकिया एकदाच लावली. ऑक्टोबरात नऊ फळं आली, सुरकुतलेली, केशरी-लाल, फार देखणी. बियांसाठी एक चिरली. हातमोजे होते, पण ओट्याच्या खणात. दहा मिनिटांनी बोटांच्या पेरांना ऊब जाणवायला लागली, अर्ध्या तासानं ती ऊब राहिली नाही. मी हात नळाखाली धरला आणि आग मनगटापर्यंत पसरवली. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी खोबरेल चोळायचं, मग भांड्यांच्या साबणानं धुवायचं, असं दोन-तीनदा. जिभेला लागलं तर दूध किंवा दही, कारण त्यातलं केसीन त्याला ओढून नेतं. हे सगळं मला माहीत होतं. त्याचं टिपणही काढलेलं होतं. त्या रात्री मी हात दह्याच्या वाडग्यात ठेवून झोपले, आणि सकाळी डोळ्यात काजळ घालायची चूक केली.

अजून एक समज दूर करायचा आहे, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतंच: भूत जोलोकियाशेजारी ढोबळी लावली तर ती तिखट होईल का? त्या वर्षी होणार नाही. फळाचं अंग आईचं असतं, आणि तिखटपणा त्या पांढऱ्या गाभ्यात असतो. बियांत नाही, बियांना तो गाभ्याचा लागतो. मधमाशीनं परागकण इकडचे तिकडे केले तर संकर होतो तो आतल्या बीत. ती पेरली की पुढच्या पिढीत काहीही निघू शकतं. म्हणून बी ठेवायची असेल तर फूल उमलण्याआधी फांदीला जाळीची पिशवी बांधावी. हळदीकुंकवाला, बारशाला ज्या सोनेरी जाळीच्या पिशव्यांतून वाण देतात, त्या यासाठी अगदी मापाच्या. दोन मिरच्या धरल्या की पिशवी काढायची आणि देठाला दोरा बांधून खूण करायची.

एवढा खटाटोप करायचा, कारण विकत घेतलेल्या बियाण्यावर भरवसा ठेवता येत नाही. निळ्या मिरचीचं बियाणं म्हणून ऑनलाइन जे विकतात ते घेऊ नका. निळी मिरची जगात नाही, चित्र संगणकावर रंगवलेलं असतं. मीही पहिल्या वर्षी दहा बियांना तीनशे रुपये मोजले. सहा उगवल्या, सहाही साध्या हिरव्या, आणि भजीसुद्धा धड झाली नाहीत. अमेरिकेतल्या भाचीनं बॅगेतून बियांची पाकिटं आणावीत असं वाटत असेल, तर तेही करू नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बियाणं आणायला परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम उगाच नाही. 'थ्रिप्स पार्विस्पायनस' हा परदेशी फुलकिडा आधी बंगळुरूकडे पपईवर दिसला आणि २०२१-२२ मध्ये त्यानं आंध्र-तेलंगणातली मिरची उद्ध्वस्त केली. आपल्या चार कुंड्यांच्या हौसेपायी कुणाच्या चार एकरांशी खेळू नये. देशातल्या देशात, हौशी माणसांकडून हौशी माणसांकडे फिरणारी बी पुष्कळ आहे.

ती मिळाली की पेरतानाच कुंडीत नावाची पट्टी रोवा. रोपं सहा पानांची होईपर्यंत सगळी एकसारखी दिसतात आणि "लक्षात राहील" हे मिरचीच्या बाबतीत कधी खरं ठरलेलं नाही. पट्टीवर जातीचं नाव, बी कुणाकडून आली ते आणि तारीख, एवढं पुरे. लिहायचं मात्र शिसपेन्सिलीनं. पेनाची शाई पुण्याच्या उन्हात मे महिन्यापर्यंत टिकत नाही.